दहा जुड्यांचा एक डबा

बारीक चिरलेल्या कच्च्या मेथीत कांदा, दाण्याचे कूट आणि दही घालून केलेल्या तोंडीलावण्यास मराठवाड्यात पचडी म्हणतात. हाच शब्द तेलुगूत चटणीच्या जातीच्या पदार्थांसाठी रूढ आहे आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या प्रदेशात तो आढळावा, यात नवल नाही. मराठवाड्यातल्याच गुलमंडी या बाजारपेठेतील एका लहानशा पोळी-भाजी केंद्रात ही पचडी, मेथीच्या जोडीला पालक आणि दह्याच्या जागी चक्का घेऊन, ‘हेल्दी डिप’ या नावाने डब्यांतून विकली जाते. नाव नवे असले, तरी काम जुनेच आहे, आणि ते मुख्यतः पाणी काढण्याचे आहे.

दही आदल्या रात्रीच फडक्यात टांगलेले असते; निथळलेली निवळी थालीपिठाच्या पिठात जाते आणि फडक्यात घट्ट चक्का उरतो. मंडईतून आलेला पाला निवडून धुतला जातो. पालक दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून ते पाणी ओतून देतात, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल, जे कॅल्शियमला बांधून ठेवून शरीरास मिळू देत नाही, काही अंशी त्या पाण्यात उतरते. तेव्हा ‘हेल्दी’ या शब्दाला जो काही आधार आहे, त्यातला थोडा मोरीत ओतलेल्या या पाण्याचाही म्हणावा लागेल. मेथी शिजवीत नाहीत, तिला मीठ चोळतात.

खरे कौशल्य यापुढे लागते. पाला पिळणाऱ्या बाई मुठीत मावेल एवढाच गोळा घेतात, पिळतात, मूठ उघडून पाहतात आणि पुन्हा पिळतात. पाणी राहिले तर संध्याकाळपर्यंत चक्का सैल पडतो, आणि फार चेचले तर मेथी कडू होते, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रमाण विचारल्यास “दहा जुड्यांचा एक डबा” एवढेच उत्तर मिळते. मेथीचा उग्र वास त्यांच्या बोटांना दुपारपर्यंत राहतो.

लसणाची फोडणी गार करूनच घालतात, अन्यथा चक्का फुटतो. डब्यावरच्या चिठ्ठीत चक्का, पालक, मेथी, लसूण आणि मीठ यांची नोंद असते. दहा जुड्यांचा एक डबा होतो, हे तीत कोठेही नसते. पातेल्याच्या तळाशी राहिलेली मेथी बाई भाकरीवर घेतात, आणि तिला पचडीच म्हणतात.