किती लांब आहे अमेरिका?

"न्यूयॉर्क म्हणजे किती लांब रे?" दादा तिकडे गेल्यापासून आईचा हा प्रश्न ठरलेला असे. "साडेबारा हजार किलोमीटर," मी सांगे. पण आकडा तिच्यापर्यंत पोचत नसे. आमचं साताऱ्याचं घर ते मुंबई हे अंतर पन्नास वेळा कापायचं, असं म्हटलं की ती डोळे विस्फारी. मग मी म्हणे, "विमानात बसलं की सोळा तास." "एवढंच ना!" म्हणून ती पुन्हा निवडण-टिपणाला लागे.

एकदा मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून मी तिला वाट दाखवली. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र अफगाणिस्तान, रशियावरून उत्तरेला चढला, आइसलंडला शिवला आणि ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरला. हीच सर्वांत जवळची वाट. वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी पाहून विमानांना ती थोडीफार सोडावी लागते, एवढंच.

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे जाताना सोळा तास लागले, तर येताना साधारण साडेचौदाच लागतात. हे ऐकून आई म्हणाली, "बरंय की. घरी यायची वाट लवकरच सरते."

माणसानं ही वाट किती आखूड केली! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये ही सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोचली आणि २००७ मध्ये मुंबईहून तिथवर वाटेत न थांबता उड्डाण सुरू झालं.

आई गेली ती एका मंगळवारी पहाटे पाच वाजता. दादाकडे तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची मिळाली. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका."

आम्ही थांबलो नाही. बुधवारी रात्री तो मुंबईला उतरला. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत मध्यरात्र झाली. पुढे गाडीचे पाच-सहा तास. गुरुवारी उजाडताना तो दारात उभा राहिला, तेव्हा आम्ही राख सावडायला निघालो होतो.

परदेशी मुलं असलेल्या घरांत सोळा तासांचा हिशेब पक्का पाठ असतो. त्यात तिकीट मिळेपर्यंतची रात्र धरलेली नसते, विमानतळापुढचा घाट धरलेला नसतो. आता कुणी विचारलं, तर मी "दोन दिवस" असं सांगतो.

परत आल्यावर दादा आईच्या रिकाम्या खाटेवर बसला. म्हणाला, "विमान अगदी वेळेवर होतं रे."