परदेशात स्टिअरिंग धरताय? आधी कॅलेंडर बघा!

हातात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आहे, खाली स्वतःची गाडी उभी आहे, आणि तरीही ती चालवता येत नाही. असं होऊ शकतं? जपानला गेलेल्या एका पुणेकराचं झालं. ऑनसाइटचं पत्र तुमच्या इनबॉक्समध्ये येण्याआधी त्याची गोष्ट वाचून घ्या.

रात्रीचे पावणेदोन. नागोयापासून तासाभराच्या अंतरावरचं एक छोटं गाव. दीड वर्षाच्या लेकीचा ताप काही केल्या उतरत नाहीये. बायकोने पुण्यात असताना जपानीची एन-थ्री परीक्षा दिली होती, म्हणून निदान फोनवर बोलता तरी येतंय. तिने #८००० हा नंबर फिरवला. लहान मुलं रात्रीअपरात्री आजारी पडली तर सल्ला देणारी जपानमधली ही हेल्पलाइन. पलीकडून प्रश्न आले, उत्तरं गेली आणि सल्ला मिळाला, 'हॉस्पिटलला घेऊन जा.'

हॉस्पिटल वीस मिनिटांवर. बिल्डिंगखाली पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची चिमुकली केई कार उभी. किल्ली की-होल्डरला लटकलेली. ड्रॉवरमध्ये पुण्याच्या आरटीओचा शिक्का असलेलं, अजून चार-पाच महिने मुदत शिल्लक असलेलं परमिट.

आणि माझ्या या मित्राने काय केलं? टॅक्सी बोलावली.

"पंचवीस मिनिटं लागली टॅक्सी यायला," तो मला म्हणाला. "त्या पंचवीस मिनिटांत मी खिडकीतून स्वतःच्याच गाडीकडे बघत उभा होतो. आयुष्यात इतकं मूर्ख कधी वाटलं नव्हतं."

लेक दोन दिवसांत बरी झाली. पण ही वेळ आली कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण हीच चूक तुमच्या-माझ्याकडून अगदी सहज होऊ शकते.

परमिट म्हणजे लायसन्स नव्हे

पहिली गोष्ट. आपण ज्याला झोकात 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणतो, ते मुळात लायसन्स नाहीच! तुमच्या भारतीय लायसन्सचं, जगाला वाचता येईल असं ते भाषांतर आहे. मूळ कार्ड घरी विसरलात, तर नुसत्या परमिटला काही अर्थ नाही.

ही व्यवस्था उभी आहे १९ सप्टेंबर १९४९ च्या जिनिव्हा करारावर. भारत आणि जपान, दोघेही या करारात आहेत. जपान फक्त याच करारानुसार दिलेलं परमिट मानतो, त्यामुळे आपलं परमिट तिथे चालतं. आपल्याप्रमाणेच तिकडेही गाडी डाव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे पुणेकराला पहिल्याच दिवशी वाटतं, 'हे तर आपलंच घर!'

परमिट काढणंही पूर्वीइतकं कटकटीचं राहिलेलं नाही. फॉर्म ४-ए, भारतीय लायसन्स, पासपोर्ट, हजार रुपये फी, आणि अर्ज परिवहनच्या 'सारथी' पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो. आधी मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाही दाखवावा लागायचा. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढल्या. त्याच वेळी आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परमिटची मुदत संपली, तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करता येतो आणि परमिट कुरिअरने घरी येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये देशभरासाठी परमिटचा एकच नमुना ठरला आणि त्यावर क्यूआर कोडही आला.

इतकं सगळं सोपं झालंय, म्हटल्यावर माणूस निर्धास्त होणारच ना? आमचा मित्र झाला.

दिवाळीला घरी आलो, परमिट घेऊन गेलो

तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानला उतरला. परमिट मार्चमध्येच काढलेलं. वर्षभराची मुदत. गावात ट्रेन कमी, ऑफिस लांब, त्यामुळे दोन महिन्यांत सेकंडहँड केई कार आली. नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या रजेवर तो दिवाळीला घरी आला. फराळ झाला, लग्नं झाली आणि जाता जाता आरटीओत जाऊन त्याने नवंकोरं परमिटही काढलं. 'चला, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत टेन्शन नाही!'

इथेच तर खरी मेख आहे.

जपानमध्ये परमिटवर गाडी चालवायची मुदत दोन घड्याळांवर मोजतात. एक घड्याळ परमिटचं. दुसरं तुमचं, म्हणजे तुम्ही जपानमध्ये उतरलात त्या दिवसापासून एक वर्ष. जे आधी थांबेल, ते खरं. आणि तुमची तिथे रहिवासी म्हणून नोंद असेल, तर हे दुसरं घड्याळ सहजासहजी परत शून्यावर येत नाही. देशाबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतलात, तर तुमचं ते परत येणं नवीन 'उतरणं' म्हणून धरलंच जात नाही.

म्हणजे हिशेब काय झाला? तीन आठवड्यांची दिवाळी, तीन महिन्यांची अट. नव्या परमिटवर तारीख नोव्हेंबरची असली, तरी त्याची जपानमधली मुदत एप्रिलमध्येच संपली होती. त्याला हे कळलं जूनमध्ये. तेही ऑफिसच्या कँटीनमध्ये, चहा पिताना एका सहकाऱ्याने सहज विचारलं म्हणून, "तुझं जपानी लायसन्स झालं का रे?"

एप्रिल ते जून. दोन महिने तो रोज, लेकीला मागच्या सीटवर बसवून, कायद्याच्या भाषेत विनापरवाना गाडी चालवत होता! जपानमध्ये या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे. त्या दोन महिन्यांत कुणाला साधा धक्का जरी लागला असता, तर इन्शुरन्स, नोकरी, व्हिसा या सगळ्याचं काय झालं असतं, याचा विचार त्याने अजूनही पुरता केलेला नाही. "करवत नाही," म्हणतो.

त्या संध्याकाळी तो बसने घरी आला. गाडी आणली एका सहकाऱ्याने. तापाची रात्र त्यानंतर तीन आठवड्यांनी उजाडली.

नऊ वर्षं चालवतोय हो!

आता उपाय एकच होता, आपलं लायसन्स जपानी लायसन्समध्ये बदलून घेणं. याला तिकडे म्हणतात 'गाइमेन किरिकाए'. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या लायसन्सधारकांना यात परीक्षा माफ आहेत. भारत त्या यादीत नाही. म्हणजे लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग टेस्ट, दोन्ही आलं.

पण त्याआधी कागदपत्रं. लायसन्सचं जपानी भाषांतर हवं. ते जाफ, म्हणजे जपान ऑटोमोबाइल फेडरेशन, करून देते. शिवाय लायसन्स मिळाल्यावर तुम्ही भारतात एकूण किमान तीन महिने राहिला होतात, याचा पुरावा लागतो. तो कुठून आणायचा? पासपोर्टवरच्या शिक्क्यांमधून! आणि मित्राचा जुना पासपोर्ट होता कोथरूडला, आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. आईला व्हिडिओ कॉल, मग कपाट रिकामं, मग कुरिअर. यात बारा दिवस गेले.

लेखी परीक्षा त्याला सोपी गेली. त्याच्या वेळी दहा प्रश्न होते, सात बरोबर आले की पास. आता ते दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्न पन्नास झालेत आणि पास व्हायला ९० टक्के हवेत. म्हणजे पन्नासपैकी पंचेचाळीस. ड्रायव्हिंग टेस्टही आणखी कडक झाली आहे.

ती टेस्ट रस्त्यावर होत नाही. लायसन्स सेंटरच्या आवारातल्या कोर्सवर होते. परीक्षक शेजारी बसतो, शंभरातून गुण कापत जातो. सत्तरच्या खाली आलात की संपलं.

पहिल्या खेपेला मित्र थाटात गेला. नऊ वर्षांचा अनुभव, तोही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधला! लाल उलट्या त्रिकोणावर 'तोमारे' लिहिलेलं असतं, म्हणजे थांबा. त्याने काय केलं? आपण करतो तेच. गाडी हळू केली, डावी-उजवी बघितली, रस्ता मोकळा दिसला, निघाला. नापास! जपानमध्ये थांबा म्हणजे चाकं पूर्ण थांबायला हवीत. समोर कुणी असो वा नसो.

दुसऱ्या खेपेला थांबला व्यवस्थित. पण डावीकडे वळताना मान वळवून मागे बघितलं नाही. एखादा सायकलवाला आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असू शकतो, हे गृहीत धरून प्रत्येक वळणावर खांद्यावरून मागे बघायचंच असतं. पुन्हा नापास.

"तेव्हा मला खरंच राग आला," तो सांगतो. "रिकाम्या कोर्सवर कुठला आलाय सायकलवाला? मग ट्रेनमध्ये बसल्यावर डोक्यात आलं, की पुण्यात मी नऊ वर्षांत एकदाही मान वळवून मागे बघितलेलं नाही. काही झालं नाही, ते माझं ड्रायव्हिंग चांगलं म्हणून नव्हे. समोरचे सांभाळून घेत होते म्हणून."

मग त्याने एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन तास घेतले. काटकोनी वळणांचा 'क्रँक', नागमोडी 'एस', कडेला चाक न चढवता कसं काढायचं ते शिकला. रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याच्याआधी गाडी पूर्ण थांबवायची, सिग्नल लाल असताना डावीकडेही वळायचं नाही, हे घोकलं. आपल्याकडचा 'फ्री लेफ्ट' तिकडे नाही. तिसऱ्या खेपेला पास झाला. कँटीनमधल्या त्या चहापासून लायसन्स हातात पडेपर्यंत साडेतीन महिने लागले.

पाहुणे किती दिवस?

या सगळ्यातून निघणारी गोष्ट एकच आहे. परमिट हा पाहुण्यासाठीचा कागद आहे, तिथे राहणाऱ्यासाठीचा नाही. पंधरा दिवस फिरायला गेलात तर त्याच्यासारखी सोय नाही. पण घर भाड्याने घेतलं, पगार तिकडच्या बँकेत जमा व्हायला लागला, की तो देश म्हणतो, 'आता तुम्ही आमचे. आमचे नियम शिका.'

आणि हे फक्त जपानचं नाही. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर कार चालवता येते, पुढे त्यांची थिअरी आणि प्रॅक्टिकल टेस्ट. जर्मनीत ही मुदत सहाच महिन्यांची, आणि नंतर तिथेही आपल्याला दोन्ही परीक्षा. कॅलिफोर्नियात तर रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथल्या लायसन्सच्या मागे लागावं लागतं. प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं. ते कधी सुरू होतं, एवढं जाण्याआधी बघून ठेवा.

बॅग भरताना...

• परमिट प्रवासाच्या अगदी जवळच्या तारखेला काढा. वर्ष काढल्या दिवसापासून मोजलं जातं.
• परमिट हातात आलं की आतलं पान बघा. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार. तुम्हाला हव्या त्या वर्गाची नोंद आहे ना?
• गाडी चालवताना मूळ भारतीय लायसन्स, परमिट आणि पासपोर्ट किंवा तिथलं रहिवासी कार्ड बरोबरच ठेवा.
• जुने पासपोर्ट सोबत न्या. आईचं कपाट तीन वेळा उचकायला लावू नका!
• लायसन्स रिन्यू केलेलं असेल, तर ते पहिल्यांदा कधी मिळालं याची नोंद दाखवणारा उतारा आधीच काढून ठेवा.
• पहिल्या सहा महिन्यांतच तिथल्या लायसन्सची तयारी सुरू करा. दोनदा नापास होण्याइतका वेळ हाताशी हवा.

मागच्या वेळी मित्र पुण्यात आला तेव्हा एअरपोर्टवरून घरी यायला त्याने बाबांची गाडी चालवली. येरवड्याच्या एका बारक्या चौकात, रस्ता मोकळा असताना, त्याने गाडी पूर्ण थांबवली. मान वळवून मागे बघितलं. मागून हॉर्नचा जो काही गजर झाला म्हणता! बाबा वैतागून म्हणाले, "अरे, गाडी बंद पडली का?"

"नाही बाबा," तो म्हणाला, "आत्ता कुठे चालवायला लागलोय."