प्रोब मंडलावर किती भार टाकतो?

ऑसिलोस्कोप जोडला की तो तपासायच्या मंडलाचाच भाग बनतो. त्याचा इनपुट इम्पिडन्स बहुधा १ मेगाओहम रोध आणि त्याला समांतर सुमारे १५ ते २० पिकोफॅरड धारिता इतका असतो. ज्या बिंदूचा स्वतःचा रोध १ मेगाओहम आहे, तिथले ५ व्होल्ट थेट जोडणीत अडीचच दिसतात.

१० पट प्रोबच्या टोकाशी ९ मेगाओहमचा रोधक असतो. त्यामुळे एकूण रोध १० मेगाओहम होतो, संकेत दहापटीने घटतो आणि ऑसिलोस्कोपवर तो पुन्हा दहाने गुणल्यावर वरील बिंदूवर साडेचार व्होल्टच्या आसपास वाचन मिळते.

खरी अडचण मात्र धारितेची. १ पट प्रोबमध्ये केबलसह ती १०० पिकोफॅरडच्या घरात जाते. एवढ्या भाराने क्रिस्टल ऑसिलेटर बंदही पडू शकतो. १० पट प्रोबची धारिता १० ते १५ पिकोफॅरड असते, पण १०० मेगाहर्ट्झला १० पिकोफॅरडचा विरोध जेमतेम १६० ओहम उरतो. वेष्टनावरचे '१० मेगाओहम' हे कमी वारंवारतेपुरतेच खरे, ही गोष्ट फार थोडे जण ध्यानात घेतात. उच्च वारंवारतेला १ पिकोफॅरडच्या आसपासचा ॲक्टिव्ह प्रोबच हवा. तो महाग आणि नाजूक असतो.

१० पट प्रोब नव्या चॅनेलला लावताना १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगाचे माथे सपाट होईपर्यंत ट्रिमर फिरवावा. अर्थची तार आखूड ठेवावी. तिचा चिमटा मेन्सच्या फेजला कधीही लावू नये. तिथे डिफरन्शियल प्रोबच वापरावा.