थारची मागची काच फुटली? नवी मागवण्याआधी मोबाइलवर ही ५ कामं करा

गाडीची पुढची काच फुटली तर काय करायचं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण थार, जिम्नी, गुरखा अशा ऑफ-रोड गाड्यांची मागची काच फुटली की गोंधळ उडतो. आमचाही उडाला होता.

गेल्या जूनमधली गोष्ट. म्हसळ्यात पाऊस नुकताच लागला होता. माझ्या मामेभावाने पीव्हीसीचे पाईप आणले आणि थारच्या मागे कोंबले. मागचं दार लावलं, वरची काच खाली ओढली आणि ‘फट्’ असा आवाज आला. पाईपचं टोक काचेच्या कडेला लागलं होतं, तेही फार जोरात नाही. पण दोन सेकंदांत अख्ख्या काचेचा चुरा! सीटवर, अंगणात, दाराच्या खाचेत, सगळीकडे खडीसाखरेसारखे तुकडे.

त्यानंतर आम्ही एकामागून एक तीन चुका केल्या. काच झाडून फेकून दिली, फक्त गाडीचं नाव सांगून ऑनलाइन काच मागवली आणि मागून उघडी गाडी घाटात नेली. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

पुढची काच तडकते, मग मागचीचा चुरा का होतो?

दोन्ही काचा दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. पुढची काच ‘लॅमिनेटेड’ असते. म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पारदर्शक थर असतो. दगड लागला तर ती तडकते, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात.

मागची काच बहुतेक गाड्यांत ‘टफन्ड’ असते. कारखान्यात काच ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि लगेच थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला नंतर थंड होऊन आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग कायम ताणाखाली राहतो. रस्सीखेचीत दोन्ही बाजू जोर लावून उभ्या असतात ना, तसंच. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एका जागी तोल गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काच बारीक तुकड्यांत फुटते. हे तुकडे लांब सुऱ्यासारखे नसतात, म्हणून जीवघेणी जखम होण्याचा धोका कमी असतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा:

- कड हा तिचा कमकुवत भाग. मधोमध मारलेली बुक्की ती सहन करेल, पण कडेला लागलेलं पाईपचं टोक नाही.
- टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. आकार, गोलाई, भोकं सगळं तापवण्याआधीच ठरतं.

आम्ही गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांना विचारलं, “काका, बाजारातून मापाची काच कापून आणू का?” ते हसून म्हणाले, “अरे, ही काय खिडकीची काच आहे का कापायला? टोच्या लावलास की चुरा हातात.”

म्हणजेच काच बसवणं हा पुढचा भाग. त्याआधीचा खरा प्रश्न म्हणजे अचूक काच मागवणं.

तुमच्या गाडीची मागची काच कोणत्या प्रकारची आहे?

१. वर उघडणारी काच: थारच्या हार्ड टॉपमध्ये काच वेगळी वर उघडते आणि खालचं दार बाजूला उघडतं. इथे बिजागऱ्या, लॉक आणि काच वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे, हे सगळं जुळावं लागतं.

२. दारात चिकटवलेली काच: जिम्नीसारख्या गाडीत काच मागच्या दारातच पक्की असते. ती पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंटने चिकटवतात.

३. रबरी बीडिंगमधली काच: जुन्या जीपगाड्यांत दिसते. बसवायला सोपी, पण बीडिंग कडक झालं असेल तर काचेबरोबर तेही बदला, नाहीतर पावसात पाणी आत आलंच म्हणून समजा.

४. सॉफ्ट टॉपची खिडकी: ही काच नसतेच, पारदर्शक प्लास्टिक असतं. इथे काच नाही, कापडी टपाचा तो भाग बदलावा लागतो.

काच मागवण्याआधी मोबाइलवर ५ कामं

आम्ही ऑनलाइन काच मागवताना फक्त ‘थार, हार्ड टॉप, मागची काच’ एवढंच लिहिलं. पाच दिवसांनी पार्सल आलं. काच मापाला बरोबर, पण तिच्यावर डिफॉगरच्या रेषाच नाहीत! परत पाठवा, पुन्हा थांबा. असं होऊ नये म्हणून:

१) झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. एक फोटो लांबून, नंबर प्लेटसकट. एक जवळून. एक गाडीच्या आतून. शिवाय गाडीभोवती फिरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. विम्याचा दावा करायचा असेल तर हाच पुरावा.

२) काचेवरचा शिक्का शोधा. काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २५५३’ हा सुरक्षित काचेचा भारतीय मानक क्रमांक छापलेला असतो. चुऱ्यातही शिक्क्याचा तुकडा कधी कधी शाबूत मिळतो. नाहीच मिळाला तर बाजूच्या काचेवरच्या शिक्क्याचा फोटो घ्या, त्यावरून मूळ कंपनी बहुतेक वेळा कळते. नवी काच आली की तिच्यावरही हा शिक्का आहे का ते पाहा. नसेल तर घेऊ नका.

३) चासिस नंबर कॉपी करून ठेवा. हा १७ अक्षरांचा असतो. महिंद्राचा सहसा ‘एमए१’ने आणि मारुतीचा सहसा ‘एमए३’ने सुरू होतो. आरसी बुकवर किंवा डिजिलॉकरमध्ये मिळेल. पार्टवाल्याला गाडीचं नुसतं नाव सांगू नका, हा नंबर द्या. एकाच नावाच्या गाडीत व्हेरिएंट आणि वर्षाप्रमाणे काच बदलू शकते, पण या नंबरवरून तुमच्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो. फक्त हा नंबर सोशल मीडियावर टाकू नका.

४) काचेला काय काय जोडलेलं होतं त्याची यादी करा. डिफॉगरच्या वायरी किती? वायपर होता का? बिजागऱ्यांची आणि लॉकची भोकं कुठे? जुना फोटो गॅलरीत सापडला तर उत्तम. आम्हाला गणपतीत काढलेल्या एका फोटोत काचेवरच्या रेषा स्पष्ट दिसल्या. तो आधी पाहिला असता तर पाच दिवस वाचले असते.

५) कागदपत्रं ऑफलाइन सेव्ह करा. आरसी, विमा पॉलिसी आणि लायसन्सची पीडीएफ फोनमध्येच ठेवा. आपल्या भागात घाटात नेटवर्क जातंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दक्षिण रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा म्हसळा, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते. पत्रे आणि झाडं गाड्यांवर पडलेली, आणि पॉलिसी नंबर मात्र ई-मेलमध्ये. तेव्हा ‘क्लाऊडमध्ये आहे’ म्हणून भागत नाही.

पार्सल आल्यावर डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडा आणि व्हिडिओ काढा. काच आडवी ठेवू नका. भिंतीला टेकवून उभी, खाली जाड पुठ्ठा किंवा गोणपाट.

काच येईपर्यंत गाडी चालवायची का?

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मामीची माणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती. मागची जागा उघडीच ठेवून आम्ही निघालो. पाऊस होता, म्हणून बाकीच्या काचा बंद. घाटात मामीला मळमळायला लागलं, डोकं जड झालं. आम्हाला वाटलं, घाट लागला. माणगावला उतरल्यावर लक्षात आलं, सगळ्यांच्याच कपड्यांना धुराचा वास येत होता.

चौकोनी पाठीची गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो आणि मागची जागा उघडी असेल तर आत ओढला जातो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणं, म्हणजे नेमकी गाडी लागल्यासारखी! मामीला घाट लागला की धूर, हे आता सांगता येणार नाही. पण तेव्हा धुराचा विचारही आमच्या मनात आला नव्हता.

म्हणून:

- शक्यतो गाडी चालवू नका.
- चालवावीच लागली तर मागची जागा जाड पारदर्शक प्लास्टिकने पूर्ण बंद करा. रंगावर खाकी पॅकिंग टेप लावू नका, रंग निघू शकतो. मास्किंग टेप वापरा.
- ब्लोअर फुल ठेवा आणि हवा बाहेरून आत घेणारं बटण लावा. आतलीच हवा फिरवणारं नाही.
- इंजिन चालू ठेवून गाडीत बसून राहू नका.
- लहान मुलांना मागे बसवू नका. एखाददुसरा तुकडा सीटच्या फटीत असतोच.

विम्याचा दावा करावा का?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी पॉलिसी लागते. चांगली गोष्ट अशी की काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो.

त्याशिवाय दर दाव्यात ठरावीक रक्कम तुम्हाला भरावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये.

आता नो क्लेम बोनसचा हिशेब. समजा तुमच्या पॉलिसीतला स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम १२,००० आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे ६,००० रुपयांची सूट. दावा केला की पुढच्या वर्षी ही सूट शून्य, आणि नंतर पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. काचेचा खर्च यापेक्षा कमी असेल तर खिशातून भरलेलं परवडतं. नो क्लेम बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

दावा करायचा ठरला तर आधी कंपनीला कळवा, मग काच बदला. लहान नुकसानीत बऱ्याच कंपन्या ॲपवरच फोटो आणि व्हिडिओ मागतात. आम्ही काच झाडून, नवी मागवून मोकळे झालो होतो. दाखवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून दावा केला नाही.

काच बसवताना जवळ उभे राहून काय पाहाल?

सफाई: हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, बाकी व्हॅक्यूम क्लीनरने. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. ती तुकड्यांनी तुंबली तर दारात पाणी साचून गंज धरतो.

प्रायमर: चिकटवलेल्या काचेत जुना पीयू कटरने कापताना पत्र्यावर ओरखडे पडतात. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे ओरखडे लवकर गंजतात, आणि पत्रा गंजला की पीयूची पकड सुटते. म्हणून उघड्या पत्र्यावर प्रायमर लावलाच पाहिजे. “कशाला, चालतंय” असं कोणी म्हणालं तरी आग्रह धरा.

पाऊस: पीयू हवेतल्या ओलाव्यामुळेच घट्ट होतो, त्यामुळे कोकणातली दमट हवा अडचणीची नाही. अडचण ओल्या पृष्ठभागाची. काच आणि पत्रा पूर्ण कोरडे हवेत, म्हणून काम छपराखालीच करून घ्या.

वाळायचा वेळ: गाडी कधी हलवायची ते पीयूच्या नळीवर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. पहिले एक-दोन दिवस बाजूची एक काच थोडी उघडी ठेवा. सगळं बंद असताना दार आपटलं तर आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते.

वर उघडणारी काच: बोल्ट आणि काच यांच्या मध्ये रबरी वॉशर हवेच. बोल्ट जास्त आवळला तरी टफन्ड काच फुटू शकते. काच बंद केल्यावर चारही बाजूंनी फट सारखी आहे ना, ते पाहा.

डिफॉगर: पैसे देण्याआधी काचेवर आतून फुंकर मारून वाफ धरा आणि डिफॉगर लावा. रेषांजवळची वाफ आधी उडाली की काम झालं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागच्या काचेवर काळी फिल्म लावता येईल का?
नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. गडद फिल्म लावली तर दंड होऊ शकतो.

काच पुन्हा फुटू नये म्हणून काय करावं?
लांब सामान काचेपर्यंत भरू नका. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नका. वाळूत किंवा चिखलात अडकलेली गाडी ओढताना लोखंडी हुक असलेला साधा दोर वापरू नका. तो तुटला तर हुक गोळीसारखा मागे येतो. फुटलेली काच बदलता येते, पण त्या हुकासमोर माणूसही असू शकतो.

आमच्या थारला शेवटी बाराव्या दिवशी पनवेलहून आलेली बरोबर काच बसली. मामेभाऊ आता पाईप टपावर बांधून आणतो. तुम्ही एवढंच करा: आज घरी गेल्यावर गाडीच्या मागच्या काचेचा, तिच्यावरच्या शिक्क्याचा आणि चासिस नंबरचा एक-एक फोटो काढून ठेवा. काच शाबूत आहे तोवर हे दोन मिनिटांचं काम आहे.

माहिती उपयोगी वाटली तर ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्या मित्राला नक्की पाठवा.