हिंगणीच्या दुकानाचं गिऱ्हाईक नेमकं कुठे आहे?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून बोरधरणाकडे निघालं की वाटेत हिंगणी लागते. बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि या रस्त्यावरच्या वर्दळीत नागपूर-वर्ध्याच्या पर्यटकांची भर पडली. त्यामुळे इथल्या छोट्या व्यावसायिकाचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं आहे. एक आसपासच्या गावांतलं, वर्षभराचं, उधारी-वसुलीसकट ओळखीचं. दुसरं शनिवार-रविवारी सफारीला येणारं, अनोळखी, नाश्ता, जेवण किंवा मुक्काम शोधणारं. समाजमाध्यमांवर धंदा कसा वाढवावा याचे जे सल्ले फिरतात, ते बहुतेक देशभर कुरिअरने माल पाठवणाऱ्यांसाठी असतात. ते जसेच्या तसे उचलले की इथल्या माणसाचा पैसाही जातो आणि हुरूपही. जो आधीच या वाटेवर आहे किंवा उद्या येणार आहे, त्याला आपण सापडावं आणि त्याच्या प्रश्नाला वेळेत उत्तर मिळावं, एवढं काम मोबाइलने केलं तरी हिंगणीच्या धंद्याला ते पुष्कळ आहे.

सगळ्यात घट्ट बसलेला समज फॉलोअरचा. दहा हजार झाले की गिऱ्हाईक आपोआप येईल, असं तरुण मुलं घरच्यांना सांगतात आणि काही जण चक्क पैसे मोजून आकडा फुगवतात. हे विकतचे फॉलोअर बहुधा बनावट किंवा बंद पडलेली खाती असतात. ती ना व्हिडिओ पाहतात, ना भाकर खायला येतात. शिवाय इन्स्टाग्रामची रचनाही बदलली आहे. २०१६पासून तिथे पोस्ट निव्वळ वेळेच्या क्रमाने दिसणं थांबू लागलं. एप्रिल २०२४मध्ये कंपनीने जाहीर केलं की रील आधी एका छोट्या प्रेक्षकगटाला दाखवून पाहिली जाईल, मग तो गट तुम्हाला फॉलो करत असो वा नसो, आणि तिथे ती आवडली तरच पुढे सरकेल. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलेल्या मोठ्या कसोट्या अशा: लोक किती वेळ पाहतात, लाइक करतात का, आणि दुसऱ्याला पाठवतात का. यातली शेवटची कसोटी आपल्या कामाची. ‘रविवारी बोरला जाताना इथे रोडगे आणि वांग्याची भाजी मिळते, आदल्या दिवशी सांगावं लागतं’ ही वीस सेकंदांची रील नागपूरच्या एखाद्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर पोहोचली, तर ती दूरच्या हजारो लाइकपेक्षा मोलाची. हॅशटॅगची माळ लावून पोच फारशी वाढत नाही, हेही मोसेरी यांनी स्पष्ट केलं आहे. गावाचं नाव, रस्ता आणि भाव व्हिडिओतच बोलून सांगावा.

तेही आपल्याच बोलीत. इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत बोललं तरच छाप पडते, हा दुसरा समज. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात वर्धा जिल्ह्यातल्या महिला ‘वर्धिनी’ म्हणून इतर जिल्ह्यांत गेल्या. गावोगाव फेरी करून, स्वतःच्या गटाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगून त्यांनी तिथल्या बायांना बचत गटांसाठी एकत्र आणलं. मूगवड्या, सरगुंडे किंवा हळद विकणाऱ्या गटाला कॅमेऱ्यासमोर वेगळं काही करायची गरज नाही. वडी घालणारे हात दिसावेत आणि ती कशी करतात हे करणारीनेच सांगावं.

‘एकदा व्हायरल झालं पाहिजे’ या हव्यासाबद्दल मात्र मला फार काळजी वाटते, कारण हिंगणीच्या धंद्याचा आधार असलेलं जंगलच त्यात भरडलं जाऊ शकतं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले गेले. त्याची दृश्यं समाजमाध्यमांवर पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गाइड व जिप्सीचालकांवर निलंबनाची, दंडाची कारवाई झाली. व्हिडिओ खूप पसरला, पण त्या गाइडांचं आणि चालकांचं काम थांबलं. होमस्टे किंवा ढाबा चालवणाऱ्याने ‘आज इथे वाघ दिसला’ असं ठिकाणासह लगेच टाकणं म्हणूनच टाळावं. त्या जागी गाड्यांची गर्दी होते, शिकाऱ्यांनाही माहिती मिळते, आणि ‘वाघ हमखास दिसणार’ असं ऐकून आलेला पर्यटक रिकाम्या हाताने परतला की राग तुमच्या जेवणावर काढतो. सकाळचं धरण, पक्षी, चुलीवरचा स्वयंपाक हे दाखवलं तर दिलेला शब्द पाळता येतो.

फेसबुकचं पेज उघडलं म्हणजे आपण इंटरनेटवर आलो, असं अनेकांना वाटतं. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने आपली फीड मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टकडे वळवली. तेव्हापासून दुकानांच्या पेजवरचा मजकूर फुकटात पोहोचणं आणखी अवघड झालं. पर्यटक तर पेज शोधतच नाही. निघण्याच्या आदल्या रात्री तो गुगल मॅपवर ‘बोरजवळ जेवण’ असं टाकतो. तिथे दुकानाची नोंद करायला एक रुपयाही लागत नाही. पडताळणीसाठी बहुतेक वेळा पाटी आणि दुकानाचा आतला भाग दाखवणारा व्हिडिओ द्यावा लागतो. वेळा, फोन, चार खरे फोटो आणि पिन अचूक जागी, एवढं आधी करावं. पावसाळ्यात सफारी बंद असते. त्या काळात तुम्हीही बंद ठेवत असाल तर वेळा बदलायला विसरू नये. बंद दारापाशी आलेला माणूस एक तारा देऊन जातो.

गावातल्या गिऱ्हाइकासाठी माझ्या मते व्हॉट्सअ‍ॅपइतकं चांगलं साधन दुसरं नाही, आणि सगळ्यात जास्त गैरवापरही त्याचाच होतो. हजार नंबर विकत घेऊन सगळ्यांना मेसेज टाकला म्हणजे जाहिरात झाली, असं काही जण मानतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचा नंबर असावा लागतो. लोकांनी ब्लॉक केलं, तक्रार केली किंवा एकगठ्ठा मेसेज पाठवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलं, तर खातं बंद होऊ शकतं. मग वर्षानुवर्षं जमवलेले ग्राहक एका दिवसात तुटतात. म्हणून कापड दुकानात किंवा कृषी केंद्रात बिल देताना ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की स्टेटसला दिसेल’ एवढं तोंडाने सांगणं हीच पहिली पायरी. २०१८च्या सुरुवातीला भारतात आलेलं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. त्यात भावासह मालाची यादी लावता येते, दुकान बंद असताना आपोआप जाणारं उत्तर ठेवता येतं, उधारीवाले आणि ऑर्डरवाले वेगळे खुणावता येतात. ‘भाऊ, आज जेवण भेटते का?’ या मेसेजला चार तासांनी उत्तर गेलं, तर विचारणारा तोवर दुसरीकडे जेवलेला असतो.

रोज पोस्ट टाकलीच पाहिजे, हा धाक तर सोडूनच द्यावा. इथली खरेदी शेतीच्या हिशेबाने चालते. पेरणीच्या दिवसांत साड्यांचे फोटो पाहायला कुणाला सवड नसते. सोयाबीन निघालं, कापसाचे पैसे हातात आले, लग्नसराई लागली की तेच फोटो दुकानात माणसं आणतात. तान्ह्या पोळ्याआधी लाकडी बैल दाखवले, तर ते दाखवल्याचं चीज होतं.

पैसे घेऊन पोस्ट पुढे ढकलणारं ‘बूस्ट’चं बटण सवयीने दाबू नये. जाहिरात करायचीच, तर फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी असलेल्या मेटाच्या जाहिरातीत नकाशावर पिन ठेवून भोवतालचा पट्टा निवडता येतो आणि जाहिरात दाबताच थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू होईल अशी सोय करता येते. खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरावा.

घरगुती धंद्याला कायदा लागू होत नाही, हा समज सर्वांत महागात पडू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एआयने बनवलेला पोहण्याचा तलाव होमस्टेच्या फोटोत लावणं याच वाटेने जातं. घरी बनवलेले खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बाजारातून आणलेली कोणतीही हळद त्या नावाने विकता येत नाही, आणि तसं केल्याने पिढ्यान् पिढ्या ती हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढला जातो.

ऑर्डर ऑनलाइन आली म्हणजे पैसे आलेच, असंही धरून चालू नये. सैन्यातला अधिकारी असल्याचं सांगून मोठी ऑर्डर द्यायची आणि ‘आगाऊ रक्कम घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणायचं, ही फसवणूक देशभर झाली आहे. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. स्क्रीनशॉटवर विसंबू नये, बँकेत रक्कम दिसल्यावरच डबे भरावेत. ‘ब्लू टिक मिळवून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर दुहेरी पडताळणी आजच चालू करावी. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, कारण ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.