हिंदमाता का तुंबतं?

मुंबईत दादर-परळच्या हद्दीवरचा हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट. आसपासचं पाणी उतरून इथेच जमतं. शहरातल्या ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यात मोठी भरती आली की पाण्याला समुद्रात जायला वाटच उरत नाही.

मग पाणी लवकर उतरावं म्हणून गुडघाभर पाण्यात कुणीतरी मॅनहोलचं झाकण उचलतं. ते मलवाहिनीचं असेल तर पावसाचं पाणी आत घुसतं, वाहिनी तुडुंब भरते आणि मैला तळमजल्यांच्या संडासांतून उलटा वर येतो. शिवाय उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही आणि माणूस त्यात पडू शकतो. म्हणूनच पालिका झाकणांखाली जाळ्या बसवते.

हिंदमाताच्या तुंबण्यावर उपाय झाला तो साठवणीचा. प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान या दोन ठिकाणी पालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या. तुंबलेलं पाणी पंपाने तिथे न्यायचं आणि ओहोटी लागली की समुद्राकडे सोडायचं.