चाकांवरची खोली : अंगणात बांधता येईल का?

शेलूबाजार हे चौफुलीचे गाव. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि कारंजाहून मालेगाव-मेहकरकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना भेटतात. आता त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० कि.मी.चा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी सबंध ७०१ कि.मी.चा रस्ता खुला झाला. शेलूबाजारला त्यावर चढण्या-उतरण्याची जागा आहे. साहजिकच या भागातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत, आयटीआय शिकलेल्या पोरांच्या बैठकीत एक नवा विषय निघू लागला तर नवल नाही. विषय असा, की गाडीच्या मागे जोडायची, आत झोपता येईल, मागे चूल मांडता येईल अशी छोटी खोली आपणच वेल्डिंग करून बनवली तर? परदेशात लोक ती अंगणात बनवतात, तीही जुन्या, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या घाटाची. मग आपण का नाही?

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र नुसत्या उत्साहाने देण्यासारखे नाही. म्हणून वाचकांपुढे हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

चाकांवर संसार थाटणे आपल्याला नवे नाही. वऱ्हाडात बंडी, छकडा, रेंगी, दमणी हे सारे प्रकार होते. दमणीला वर कमानी आणि तट्ट्याचे छत असे, त्यात लेकीबाळी माहेरी जात. आजही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री ताणून, खाली गोधड्या अंथरून, भांडीकुंडी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. घिसाडी, गाडी लोहार यांच्या पिढ्या गाड्यांवर गेल्या. मौज अशी, की युरोपात हौसेच्या कॅराव्हॅनचा इतिहास सुरू होतो तोही अशाच लोकांपासून. १८८५ साली डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या इंग्रजी नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरने ब्रिस्टॉलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची घरगाडी करून घेतली आणि तो इंग्लंडातून थेट स्कॉटलंडात फिरून आला. नमुना होता रोमा लोकांच्या राहत्या गाड्यांचा. हे रोमा मूळचे भारतातून गेलेले, हे त्यांच्या भाषेवरूनच सिद्ध झाले आहे. डॉक्टरसाहेब फिरले ते पर्यटन ठरले. तशाच गाडीत जन्म काढणाऱ्यांना तिकडे पोलीस हुसकावत राहिले आणि इकडे १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. गाडीची चाके तीच, फरक आत कोण बसले आहे याचा! असो.

मोटारीमागे ओढायची छोटी खोली अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात फोफावली. मंदीचे दिवस होते. हॉटेलात उतरणे परवडत नव्हते, पण हाताला सुतारकाम येत होते. याच काळात पाण्याच्या थेंबासारख्या आकाराचा, पुढे फुगीर व मागे निमुळता होत गेलेला ‘टीअरड्रॉप’ ट्रेलर निघाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बाजारात आला, आणि १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने दोघांसाठीच्या ट्रेलरचे नकाशे छापले. ते पाहून असंख्य कामगारांनी, परतलेल्या शिपायांनी आपापल्या गॅरेजात गाड्या जुळवल्या. आज जुन्या घाटाची गाडी म्हणून जी बनवली जाते ती बहुधा हीच.

गाडीचे अंग

हिचा सगळा हिशेब प्लायवुडच्या एका तक्त्यावर बसवलेला आहे. तक्ता आठ फूट बाय चार फूट, म्हणून गाडीची लांबी आठ फूट, रुंदी चार किंवा पाच, उंची चार. अकोल्याच्या बाजारात मिळणारा तक्ताही याच मापाचा असतो, त्यामुळे नकाशा इथे जसाच्या तसा लागू पडतो. एकेका तक्त्यातून एकेक बाजू कापायची. दोन्ही तक्ते एकावर एक ठेवून कमान एकदमच कापावी, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत जुळते. दोन्ही बाजूंमध्ये सागाच्या पट्ट्या आडव्या बसवायच्या आणि त्यांवरून तीन-चार मि.मी. जाडीचा पातळ प्लाय ओलसर करून हळूहळू वाकवायचा. दमणीची कमान ज्यांनी वाकवलेली पाहिली आहे त्यांना यात अवघड काही वाटणार नाही. आत फक्त गादी. उभे राहता येत नाही, बसता येते. मागचे झाकण वर उचलले की खाली ओटा, डब्यांचे कप्पे, पाण्याची कॅन. स्वयंपाक करणारी बाई बाहेर, मोकळ्या हवेत, झाकणाच्या सावलीत उभी राहते. परातीएवढ्या जागेत वाकून धूर खाण्यापेक्षा हे शतपट बरे.

प्लाय घेताना स्वस्तातला घेऊ नये. साध्या कमर्शियल प्लायचे थर दोन पावसाळ्यांत सुटतात. उकळत्या पाण्यात टिकणारा, आय.एस. ७१० छापाचा प्लाय घ्यावा आणि त्याच्या कडा रंगाने किंवा रेझिनने पुऱ्या बुजवाव्यात, कारण पाणी शिरते ते कडेतून. वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सबंध चिकटवून टाकू नये. आमच्या वैशाखात तो तापून पसरतो आणि फुगे धरतो. कडेला पट्टी मारून त्याला थोडे हलायला वाव ठेवावा. लोखंडी स्क्रूही नकोत, ॲल्युमिनियमशी लोखंड लागले आणि ओल मिळाली की पत्रा खायला सुरुवात होते. स्टेनलेसचे स्क्रू घ्यावेत.

उष्णतेबाबत स्पष्टच सांगायला हवे. अमेरिकेतल्या नकाशात थंडीचा विचार आहे, वाशीम जिल्ह्यातल्या मे महिन्याचा नाही. दोन थरांमध्ये थर्माकोल, वर पांढरा रंग, छताला उघडणारी खिडकी आणि दोन्ही बाजूंच्या दारांना जाळी, एवढे केले तरी दुपारी बाराला ही खोली राहण्यासारखी नसते. ती रात्रीची खोली आहे. दिव्या-पंख्याची सोय मात्र आता सोपी झाली आहे. १०० वॅटचे एक सौर पॅनेल उन्हाच्या दिवसात साधारण ४०० वॅट-तास वीज देते. २० वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॅट-तास जातात. म्हणजे पंखा, दिवा, मोबाईल सारे भागून उरते.

सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपचा. एक धुरा, दोन पाटे, दोन चाके, पुढे दांडी आणि तिच्या टोकाला गाडीच्या गोळ्यावर बसणारा कप. खरी मेख इथेच आहे आणि आपले हौशी कारागीर इथेच घात करून घेतात. टायरच्या बंडीचा धुरा स्वस्तात मिळतो म्हणून तो लावला जातो. तो बैलाच्या चालीसाठी केलेला असतो. त्याला पाटे नसतात, आणि मोटारीच्या वेगाने मैलच्या मैल पळवला तर बेअरिंग तापून चाक निखळू शकते.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडीवान बैलांच्या मानेवर किती भार यावा हे हाताने जोखतो. बंडी ‘उलार’ झाली की तो सामान पुढे सरकवतो. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या गोळ्यावर यायला हवा. खोली ४०० किलोची असेल तर गोळ्यावर ४० ते ६० किलो. हा भार कमी पडला, म्हणजे मागे सामान जास्त झाले, तर एका विशिष्ट वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ओढणारी गाडीही फरफटत उलटते. टीअरड्रॉपमध्ये ओटा, पाणी, भांडी सगळे मागेच असते, म्हणून धुरा मध्यापेक्षा मागे घ्यावा लागतो. दांडीखाली घरातला वजनकाटा ठेवून हे अर्ध्या तासात तपासता येते. एवढ्या साध्या तपासणीअभावी कुटुंबाचा जीव जावा, यासारखे दुर्दैव नाही. दोन साखळ्या, मागचे दिवे, इशाऱ्याचे दिवे हे तर हवेतच.

आणि गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर झोपायच्या भागात ठेवूच नये, मागच्या कप्प्यात ठेवला तर त्या कप्प्याच्या तळाला भोके हवीत. थंडीत ऊब यावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारे लावणे म्हणजे मरणाला बोलावणे. त्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दारे दोन असावीत आणि दोन्ही आतून उघडणारी असावीत.

कायदा काय म्हणतो

होतकरू तरुणांनी हा भाग पैसे खर्च करण्यापूर्वी वाचावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे त्याला इंजिन नसले तरी रस्त्यावर आणायला नोंदणी लागते. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर हा प्रकार केंद्र सरकारच्या वाहनांच्या यादीत आहे, राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. पण नोंदणी मिळते ती पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेने नमुना तपासून मंजूर केलेल्या वाहनाला. अंगणात जुळवलेल्या एकुलत्या एका ट्रेलरसाठी ही वाट गरिबाला परवडणारी नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत घरी बनवलेला ट्रेलर तपासून त्याला क्रमांक मिळतो. आपल्याकडे ती सोय सहज नाही. आपल्या जीपमध्ये किंवा पिकअपमध्ये मनाने फेरफार करायलाही कलम ५२ आडवे येते. विनानोंदणीच्या ट्रेलरने अपघात झाला तर विम्याचा आधार धरता येत नाही आणि भरपाईचा बोजा घरावर येतो, शेत विकायची पाळी येऊ शकते. ट्रॅक्टरमागे जोडून समृद्धीवर जाऊ म्हणाल तर तिथे ट्रॅक्टर, दुचाकी, तीनचाकी यांना मुळात प्रवेशच नाही. तेव्हा ज्यांना प्रवासच करायचा आहे त्यांनी मान्यताप्राप्त कारखान्याचा, कागदपत्रे असलेला ट्रेलर घ्यावा आणि आतले सुतारकाम तेवढे आपल्या हाताने करावे. त्याआधी वाशीमच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

मग अंगणातली हौस फुकट गेली म्हणायची का? आमच्या मते नाही. या खोलीची शेलूबाजारच्या शिवारात खरी गरज आहे, फक्त ती रस्त्यावर नसून शेतात आहे. रोही आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत हरभऱ्याची धूळधाण करतात, म्हणून शेतकरी जागलीला जातो. जिथे अजून रात्रपाळीची वीज मिळते तिथे पाणी द्यायलाही रात्रीच जावे लागते. तो झोपतो कुठे? धुऱ्यावर, कडब्यावर, नाहीतर जमिनीवर घोंगडे टाकून. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच बहुधा चावतो. चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. जमिनीपासून दोन फूट उंच, जाळीची दारे असलेली, आत दिवा आणि मोबाईलला वीज असलेली खोली त्याचा जीव वाचवू शकते. हंगामाप्रमाणे ती या वावरातून त्या वावरात बैलांनी ओढून नेता येते. बैलांनी ओढायची बंडी मोटार वाहन नाही, आणि इथे टायरच्या बंडीचा तोच स्वस्त धुरा बिनधास्त चालतो. दांडीऐवजी जू. ॲल्युमिनियम परवडत नसेल तर साधा रंगीत पत्रा मारावा. बायाबापड्यांना निंदणीच्या दिवसांत कपडे बदलायला, तान्ह्या मुलाला सावलीत निजवायला आडोसा होतो हा फायदा वेगळाच. पुरुष कारागीर तो हिशेबात धरत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

वेल्डिंग करणाऱ्या तरुणांनी अशी एक खोली करून आठवडी बाजारात उभी करावी, गिऱ्हाईक आपोआप विचारत येईल. विजा कडाडू लागल्या तर मात्र तिच्यावर विसंबू नये, पक्क्या घरात यावे. पावसाळ्यात ती घराजवळ आणून धुऱ्याखाली विटांचे ठोकळे द्यावेत म्हणजे टायरांवर भार राहत नाही, आणि तळाच्या लाकडाला आधीच डांबर मारून ठेवावे, नाहीतर उधई लागते.